परदेशातलं घर सुट्टीवाल्यांना भाड्याने दिलं, तिथल्या विक्रीकराचं काय? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या ऑफिसात पूर्वी परदेशातल्या मालमत्तेची फाइल वर्षातून एखादी यायची. आता ओरलँडोजवळचं टाउनहाउस, दुबईतला एका बेडरूमचा फ्लॅट, मुलगी शिकायला गेली तेव्हा लंडनला घेतलेला स्टुडिओ, असं काही ना काही दर महिन्याला येतं. इन्कम टॅक्सचं बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते पाहुण्याकडून घ्यायच्या करापाशी. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ऑफिसात पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दर बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या-त्या देशाच्या कर खात्याच्या साइटवर ताजा दर बघून घ्या.

१. भाड्यावर मी भारतात इन्कम टॅक्स भरतोच. मग हा सेल्स टॅक्स आणखी कुठून आला?

दोन्ही कर वेगळे आहेत. पावागढला जाऊन हॉटेलात राहिलात, तर बिलाच्या तळाशी जीएसटी असतो. तो हॉटेलवाल्याचा नफा नसतो, तो तुमच्याकडून घेऊन सरकारात भरायचा असतो. परदेशातलं घर रात्रीच्या हिशेबाने भाड्याने दिलंत की त्या हॉटेलवाल्याच्या जागी तुम्ही येता. अमेरिकेत त्याला सेल्स टॅक्स आणि टुरिस्ट टॅक्स म्हणतात, ब्रिटन आणि दुबईत व्हॅट, कॅनडात जीएसटी किंवा एचएसटी.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ‘सेल्स टॅक्स’ म्हटलं की १९६९ चा गुजरात विक्रीकर कायदा आणि चोपडे घेऊन मारलेल्या फेऱ्या आठवतात. गुजरातेत त्याच्या जागी १ एप्रिल २००६ ला व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. पण तत्त्व तेच राहिलं: कर पाहुण्याचा, गोळा करायची जबाबदारी तुमची. म्हणूनच वर्षअखेर तुम्हाला तोटा झाला तरी हा कर माफ होत नाही.

२. वर्षभरासाठी एकाच कुटुंबाला घर दिलं, तरी हा कर लागतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. कर लागतो तो थोड्या दिवसांच्या मुक्कामावर. ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, हे प्रत्येक देशाने आपापलं ठरवलं आहे. फ्लोरिडात रेषा सहा महिन्यांवर आहे. कॅनडात एका महिन्याहून कमी मुक्कामाला अल्पकाळाचं भाडं धरतात. ब्रिटनमध्ये नुसते दिवस मोजत नाहीत, घर सुट्टीचं निवासस्थान म्हणून देता की राहतं घर म्हणून, हे बघतात. पहिल्यावर व्हॅट, दुसरं करमुक्त. ऑस्ट्रेलियात साधं घर सुट्टीसाठी दिलं तरी सहसा जीएसटी लागत नाही, हॉटेलसारखी वास्तू असेल तर लागतो. मेलबर्नवाल्या मेव्हण्याने ‘असलं काही भरावं लागत नाही’ सांगितलं म्हणून ओरलँडोचं रिटर्न न भरणारे एक गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. मेव्हण्याचं चूक नव्हतं, पण त्याचं घर ऑस्ट्रेलियात होतं.

३. फ्लोरिडात एकूण किती टक्के? एक हिशेब करून दाखवा.

राज्याचा कर ६ टक्के. त्यावर काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अधिभार आणि शिवाय काउंटीचा टुरिस्ट डेव्हलपमेंट टॅक्स. डिस्नीजवळची बरीच सुट्टीची घरं ऑसिओला काउंटीत येतात, तिथे ६ अधिक १.५ अधिक ६, म्हणजे १३.५ टक्के होतात. शेजारच्या ऑरेंज काउंटीत अधिभार अर्धा टक्का आहे, म्हणून एकूण १२.५.

समजा ऑसिओलात सात रात्री, दर रात्रीचे २०० डॉलर. भाडं १,४०० आणि साफसफाईचे १५०, मिळून १,५५०. राज्याचा कर ९३, अधिभार २३.२५, टुरिस्ट टॅक्स ९३. पाहुण्याकडून वर २०९.२५ डॉलर घ्यायचे.

लोक चुकतात ते पुढे. ही रक्कम एका खिडकीवर भरायची नसते. राज्याचा कर आणि अधिभार फ्लोरिडा डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यूकडे जातो, टुरिस्ट टॅक्स काउंटीकडे. ऑसिओलात तो टॅक्स कलेक्टर घेतो, ऑरेंजमध्ये कंट्रोलर. म्हणजे नोंदण्या दोन, रिटर्न दोन आणि पासवर्डही दोन. काउंटीची हद्द रस्त्याच्या मधून जाते, तेव्हा पत्त्यातल्या ‘किसिमी’वरून अंदाज बांधू नका, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल कुठल्या काउंटीचं आहे ते बघा.

याखेरीज, वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर देत असाल किंवा तशी जाहिरात करत असाल, तर व्हेकेशन रेंटलचा राज्य परवानाही लागतो. तो कर नव्हे. पण कराची नोंदणी झाली म्हणजे परवानाही झाला असं समजणारे खूप आहेत.

४. एअरबीएनबी कर कापून भरतंच ना? मग मला काय करायचंय?

काही भाग भरतं, सगळा भरेलच असं नाही. फ्लोरिडात राज्याचा कर आणि अधिभार ते गोळा करतं. टुरिस्ट टॅक्सचं मात्र काउंटीगणिक वेगळं असतं. आपल्या घराच्या बुकिंगमध्ये कुठकुठला कर घेतला गेला हे होस्टच्या खात्यातल्या कर-अहवालात ओळीओळीने दिसतं. तो अहवाल दर महिन्याला उतरवून फाइलला लावा.

आणि थेट आलेल्या बुकिंगचं काय? बडोद्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आमचं ओरलँडोला घर आहे, हवं असेल तर सांगा’ असा निरोप फिरतो आणि उन्हाळ्यात चार कुटुंबं जाऊन येतात. त्या पैशावरचा पूर्ण कर तुमच्या डोक्यावर.

एक गोंधळ इथेच सोडवून टाकू. ब्रिटन-युरोपच्या स्टेटमेंटमध्ये ‘व्हॅट’ म्हणून कापलेली छोटी रक्कम बऱ्याचदा प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे एअरबीएनबीसारख्या बुकिंग साइटच्या, स्वतःच्या कमिशनवरची असते. ती पाहून ‘माझा व्हॅट भरला गेला’ असं म्हणू नका. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०२४ पासून आणि कॅनडात १ जुलै २०२१ पासून प्लॅटफॉर्मवर कर गोळा करायची जबाबदारी आली आहे, पण तिथेही थेट बुकिंग त्यातून सुटतं.

५. साफसफाई, पूल हीटिंग, डिपॉझिट यांवरही कर?

पाहुण्याला द्यावेच लागतात ते पैसे भाड्याचाच भाग धरले जातात, म्हणून साफसफाईवर फ्लोरिडात कर आहे. परत करायच्या डिपॉझिटवर नाही. मात्र सोफा फाटला म्हणून डिपॉझिटातले पैसे ठेवून घेतलेत, तर ते कशासाठी ठेवले याची लेखी नोंद हवी. पूल हीटिंगसारखी ऐच्छिक रक्कम वेगळी दाखवली असेल तर तिचा विचार वेगळा होतो. आमचा सल्ला असा की बिल फोडून लिहा. एकच गोळा आकडा लिहिला की तपासणारा सगळ्यावरच कर धरतो.

६. चुलतभावाचं कुटुंब आठवडाभर राहून गेलं. पैसे घेतले नाहीत. कर?

भाडं नाही तर फ्लोरिडात कर नाही. पैसे न घेता त्यांनी येताना लिलो चेवडा आणला, एवढ्याने तो भाड्याचा व्यवहार होत नाही. पण ‘फक्त साफसफाईचे दीडशे दे’ म्हणालात, तर त्या दीडशेवर कराचा प्रश्न उभा राहतो. घरच्यांना सवलतीत दिलं तर जे घेतलं त्यावर.

७. चार महिने एकही पाहुणा नव्हता. तेव्हा रिटर्न भरायची गरज नाही ना?

आहे. शून्याचंही रिटर्न भरायचं. फ्लोरिडात रिटर्न महिन्याच्या १ तारखेला देय होतं आणि २० नंतर उशिराचं ठरतं. उशिराचा दंड देय कराच्या १० टक्के आणि किमान ५० डॉलर, कर शून्य असला तरी. जून-जुलैत शाळा सुरू व्हायच्या गडबडीत तीन रिटर्न विसरलात की दीडशे डॉलर गेले. वर्षाचा कर १,००० डॉलरपेक्षा कमी असेल तर दर महिन्याऐवजी तिमाही, सहामाही किंवा वार्षिक मुदत मिळते. ती मागून घ्या. वेळेवर ऑनलाइन भरणाऱ्याला राज्य थोडी सूटही देतं: पहिल्या १,२०० डॉलर करावर अडीच टक्के, म्हणजे फार तर ३० डॉलर. महिन्याला एक पिझ्झा सुटतो म्हणा.

८. लंडनमध्ये ९०,००० पौंडांपर्यंत व्हॅट नाही असं ऐकलं. माझं भाडं तर वीस हजारच आहे.

ऐकलं ते बरोबर, पण ते कुणासाठी हे पुढे ऐकायचं राहिलं. १ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनची नोंदणी-मर्यादा ९०,००० पौंड आहे. ती तिथे राहणाऱ्या किंवा तिथे व्यवसायाचं ठिकाण असणाऱ्यांसाठी. जो ब्रिटनमध्ये राहत नाही आणि ज्याचं तिथे कसलंही आस्थापन नाही, त्याला डिसेंबर २०१२ पासून ही मर्यादा लागूच होत नाही. त्याचा करपात्र व्यवहार पहिल्या पौंडापासून मोजतात.

म्हणून अलकापुरीत राहून लंडनचा स्टुडिओ पर्यटकांना देणाऱ्याने पहिल्यांदा बघायचं की तिथे आपलं आस्थापन आहे का. नुसती भिंत-छप्पर असलेली मालमत्ता, जिथे आपली माणसं नाहीत, तिला आस्थापन म्हणणं कठीण. युरोपीय न्यायालयाने २०२१ साली व्हिएन्नातल्या एका मालमत्तेच्या प्रकरणात हेच सांगितलं. तो मालक जर्सी बेटावरचा होता, म्हणजे तुमच्यासारखाच त्या देशाबाहेरचा. ब्रिटन तोवर युरोपीय संघातून बाहेर पडलं होतं, म्हणून तो निकाल तिथे जसाच्या तसा बांधत नाही, पण विचाराची दिशा कळते. तुमची व्यवस्था नेमकी कशी आहे, किल्ली कुणाकडे, करार कोण करतं, हे लिहून तिथल्या व्हॅट सल्लागाराला दाखवा. दोनशे-तीनशे पौंड फी जाईल. २० टक्के व्हॅट मागच्या चार वर्षांचा खिशातून भरण्यापेक्षा ते बरं.

हाच स्टुडिओ विद्यार्थ्याला राहतं घर म्हणून वर्षाच्या कराराने दिलात, तर हा सगळा त्रास उरत नाही (प्रश्न २). मुलगी तिथे शिकतेय तोवर तिच्या मैत्रिणीला देणारे पालक या बाबतीत शहाणे म्हणायचे.

९. दुबईत तर टॅक्सच नाही ना?

पगारावर नाही. व्हॅट आहे, १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के. राहतं घर वर्षाच्या कराराने दिलं तर ते सहसा करमुक्त. हॉलिडे होम म्हणून रात्रीच्या हिशेबाने दिलं तर ५ टक्के व्हॅट, आणि वर टुरिझम दिरहम, दर बेडरूमला दर रात्री १० किंवा १५ दिरहम, घराच्या दर्जाप्रमाणे. परवाना पर्यटन खात्याकडून घ्यायचा.

३,७५,००० दिरहमची नोंदणी-मर्यादा सगळे सांगतात. पण लंडनसारखंच इथेही ती अनिवासी व्यक्तीला मिळत नाही, दुसरं कुणी तो कर भरायला बांधील असेल ते सोडून. म्हणून दुबईत कळीचा मुद्दा हा की घर चालवणारी कंपनी पाहुण्याला स्वतःच्या नावाने बिल देते की तुमची एजंट म्हणून. करारातली ती एक ओळ नीट वाचा. बहुतेकांच्या फाइलमध्ये तो करार असतो, पण सही केल्यावर तो कुणी उघडलेला नसतो.

१०. प्रॉपर्टी मॅनेजर सगळं बघतो. तरी माझी जबाबदारी?

पाहुण्याचे पैसे कुणाच्या हातात येतात त्याप्रमाणे मॅनेजरवरही जबाबदारी येऊ शकते, पण तुम्ही त्यातून सुटत नाही. आमच्याकडच्या एका फाइलमध्ये मॅनेजरच्या स्टेटमेंटवर दर महिन्याला ‘टॅक्स’ म्हणून रक्कम वजा होत होती. दोन वर्षांनी कळलं की ती सरकारात पोहोचलीच नव्हती. मालकाने एकदाही पावती मागितली नव्हती. स्टेटमेंट म्हणजे पावती नव्हे. सरकारी साइटवरून निघणारा भरण्याचा क्रमांक मागा.

११. तिथे भरलेल्या या कराचं क्रेडिट भारतात मिळेल का? फॉर्म ६७ भरू?

नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त निराशा होते तीही इथेच. फॉर्म ६७ भरून मिळणारं क्रेडिट उत्पन्नावरच्या कराचं असतं. दुहेरी करआकारणी टाळण्याचे करारही उत्पन्नावरच्या कराबद्दल आहेत. सेल्स टॅक्स, व्हॅट, टुरिझम दिरहम हे उत्पन्नावरचे कर नाहीत. शिवाय ते तुम्ही भरलेच नाहीत, पाहुण्याने भरले. त्याचं क्रेडिट तुम्ही कसं मागणार?

अमेरिकेत भाड्याच्या निव्वळ उत्पन्नावर १०४०-एनआर (अनिवासींचं अमेरिकी रिटर्न) भरून जो फेडरल इन्कम टॅक्स दिलात, त्याचं क्रेडिट मात्र मिळतं. दोन्हीच्या पावत्या एकाच फोल्डरमध्ये ठेवू नका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घाईत चुकीची पावती जोडलेली आम्ही पाहिली आहे.

१२. मग भारतातल्या रिटर्नमध्ये भाडं करासकट दाखवू की कर वगळून?

घरभाड्याचं उत्पन्न म्हणून दाखवत असाल तर भाडं कर वगळून. गोळा केलेला कर तुमचा नाही. त्यातून तिथल्या स्थानिक संस्थेला भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट. पाहुण्याकडून कर घ्यायला विसरलात आणि खिशातून भरलात, तर त्याची वेगळी वजावट या शीर्षाखाली नाही. रोजची साफसफाई, नाश्ता, स्वागत अशा सेवा देऊन हा धंदाच चालवत असाल, तर उत्पन्न व्यवसायाचं ठरू शकतं. मग कर जमेलाही येतो आणि भरल्यावर खर्चालाही.

रुपयांत बदलताना घरभाड्यासाठी ३१ मार्चचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर (बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो) धरतात. आणि शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता, विसरू नका. त्यात घर दाखवायचं ते भाडं आलं नसलं तरीही. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

१३. मी तीस वर्षांनी कायमचा बडोद्याला परतलोय. हे सगळं मला लागू?

परतल्यावर काही काळ मिळू शकणाऱ्या ‘निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही’ या दर्जाच्या काळात परदेशातल्या भाड्यावर भारतात सहसा इन्कम टॅक्स नाही. तिथला विक्रीकर मात्र तुम्ही कुठे राहता यावरून माफ होत नाही.

१४. इंदूरच्या एका कुटुंबाने माझा दुबईचा फ्लॅट आठवड्यासाठी घेतला, पैसे इथेच यूपीआयने दिले. भारताचा जीएसटी लागतो का?

लागू शकतो. बहुतेकांना वाटतं, घर भारताबाहेर म्हणजे जीएसटीही बाहेर. आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारांवरच्या जीएसटीच्या) कायद्याच्या कलम १२(३) मध्ये मात्र असं आहे की देणारा आणि घेणारा दोघंही भारतात असतील आणि मालमत्ता परदेशात असेल, तर पुरवठ्याची जागा (सेवा कुठे दिली असं कायदा मानतो ती) घेणाऱ्याच्या ठिकाणी धरायची. इथे ती इंदूर झाली. बडोद्याहून इंदूर, म्हणजे आंतरराज्य सेवा.

लगेच नोंदणी करायला धावू नका. सेवांसाठी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आंतरराज्य सेवेलाही नोंदणी लागत नाही. पण ही उलाढाल तुमच्या पॅनवरची सगळी. रावपुऱ्यातल्या दुकानाचं भाडं, कन्सल्टिंगची फी, सगळं त्यात येतं. आधीच नोंदणी असेल तर आकारणी करायची. दर रात्रीच्या भाड्यावर ठरतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्याच्या वर १८.

आणि पाहुणा परदेशी असेल तर? मग कलम १३(४) लागतं, पुरवठ्याची जागा मालमत्तेच्या ठिकाणी, म्हणजे दुबई. पैसे परकीय चलनात आले आणि बाकीच्या अटी जुळल्या तर ती निर्यात ठरते, कर शून्य. पण निर्यातही २० लाखांच्या उलाढालीत मोजली जाते, इथे पुष्कळांचा पाय घसरतो. आता एक बाकी: दुबईत कर्मचारी ठेवून पूर्ण व्यवस्था उभी केली असेल, तर पुरवठा तिथल्याच आस्थापनातून होतो असा मुद्दा मांडता येतो. तो करार बघून ठरतो. इंदूरच्या पाहुण्यावर दुबईचा ५ टक्के लागतोच, हे वेगळं (प्रश्न ९).

१५. पाहुणा पाच महिन्यांसाठी आला आणि नऊ महिने राहिला. आधीचा कर परत द्यायचा?

फ्लोरिडात नाही. सुरुवातीपासून सहा महिन्यांहून अधिकचा लेखी करार असता तर पहिल्या दिवसापासून कर नसता. तसा करार नसेल तर पहिल्या सहा महिन्यांवर कर, त्यापुढच्या मुक्कामावर नाही.

१६. तीन-चार वर्षं काहीच भरलं नाही. आता काय?

नोटीस यायच्या आधी स्वतःहून जा. फ्लोरिडात स्वेच्छेने कबुली देण्याची सोय आहे. त्यात सहसा मागची तीनच वर्षं बघतात आणि दंड माफ होतो, व्याज भरावं लागतं. पण पाहुण्याकडून कर घेतला आणि स्वतःकडे ठेवला असेल, तर एवढी सवलत मिळत नाही. तो तुमचा पैसाच नव्हता.

१७. घर विकलं. आता नोंदणी आपोआप बंद होईल ना?

होत नाही. शेवटचं रिटर्न भरून, नोंदणी बंद करण्याचा अर्ज देऊन ती बंद करावी लागते. फ्लोरिडात शेवटच्या रिटर्नला १५ दिवस आहेत. तसं केलं नाहीत तर शून्य रिटर्नचा दंड चढत राहतो (प्रश्न ७). कॅनडात एक पाऊल आधीच थांबा: अल्पकाळाच्या भाड्यासाठी वापरलेलं घर विकताना विक्रीच्या किमतीवरच जीएसटी किंवा एचएसटी लागू शकतो. ऑन्टारिओत तो १३ टक्के. सौद्याची बोली करण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा, सही झाल्यावर हा आकडा किमतीत घालता येत नाही.